डब्यावरचा पत्ता

माझा धंदा सांगितला की लोक 'अच्छा' म्हणतात आणि विषय बदलतात. एखाद्या दुकानाने वेबसाइटचा पत्ता बदलला, तर जुना पत्ता टाकणाऱ्याला गुपचूप नव्या पत्त्यावर नेऊन सोडायचं, एवढंच माझं काम. घर बदलताना जुन्या दारावर चिठ्ठी लावून जावं, तसं. नेरूळच्या फ्लॅटमधल्या आतल्या खोलीत बसून कित्येक वर्षं मी ते करते आहे.

बदलाचा मला मनस्वी कंटाळा. चालत्या गाडीला खीळ कशाला, असं म्हणत मी दोन सुधारणा वर्षभर टोलवत होते. तक्रारीच्या मेलला 'लवकरच' असं उत्तर देण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

मग फाल्गुनात एका सकाळी शिरवण्याच्या मसालेवाल्या मावशी थेट दारात उभ्या. हातात स्टीलचा डबा.

"बग," डबा टेबलावर आपटत त्या म्हणाल्या. "यो पत्ता मोबाईलवर टाकला का लाल पाटी येते. धोका हाय बोलते. माज्या मसाल्यान कसला धोका हाय, बाय?"

मी डबा फिरवून पाहिला आणि कपाळाला हात लावला. लेकीच्या हळदीला मावशींनी पाहुण्यांना डबे वाटले होते. आपल्याकडे भेटीच्या भांड्यावर घरच्यांचं नाव घालतात. मावशींनी वेबसाइटचा पत्ता घातला. तोही अख्खा, शेपटासकट. काही डब्यांवर मटणाच्या मसाल्याच्या पानाचा, काहींवर माशांच्या. पुढे सुनेने सुटसुटीत नाव शोधून नवी साइट केली आणि जुना पत्ता माझ्या हवाली केला. बोर्ड उतरवता येतो, कागद फाडता येतो. स्टीलवर कोरलेल्याचं काय करणार? शिरवण्यापासून पार मोरा बंदरापर्यंत बायकांच्या मांडण्यांवर तो जुना पत्ता चकाकत होता.

दोष माझाच होता. हल्ली मोबाईल आधी सुरक्षित, कुलूपबंद दारावरच जातो, आणि जुन्या पत्त्यांसाठी त्या कुलपाची किल्ली, म्हणजे प्रमाणपत्र, मी घेतलंच नव्हतं. म्हणून ती लाल पाटी. ती ओलांडून कोणी पुढे गेलंच, तर त्याच्या पत्त्याचं शेपूट मी वाटेत कापत होते. माशांचा मसाला हवा असलेली बाई उगाच पहिल्या पानावर येऊन ताटकळायची.

हे सगळं मी मावशींना समजावलं.

"मसाला वर्साचा एकदाच होतो," त्या म्हणाल्या. "आता बायका माज्याकरं आल्या नाय, तर दुसरीकरं जातील. एकदा गेलेली बाई परत येत नाय."

आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. मला स्वतःची लाज वाटली.

चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. प्रमाणपत्र आपोआप घेतलं जाईल आणि मुदत संपण्याआधी आपोआप नवं होईल, अशी सोय केली. शेपूटही शाबूत ठेवलं. मावशींच्याच नव्हे, सगळ्यांच्याच पत्त्यांना. एकदा हात घातल्यावर काम चक्क आवडलं. वर्षभर कशाला घाबरत होते, देव जाणे. पाचव्या दिवशी मावशींनी एकेका बोटाने पत्ता टाकला, माशांच्या मसाल्याचं पान उघडलं, आणि त्या एवढंच म्हणाल्या, "बगू, कोन येतं."

पुढच्या आठवड्यात एपीएमसीच्या मसाला मार्केटात मिरची घ्यायला त्या मलाही ओढून घेऊन गेल्या. त्या मूठभर मिरच्या हुंगत असताना त्यांचा फोन वाजला. त्यांचे हात भरलेले, म्हणून मी तो स्पीकरवर लावला. मोऱ्याची एक बाई बोलत होती. वर्षातून एकदा, डबा पाहून मसाला मागवणारी.

"मावशीच ना? नक्की? गेल्या महिन्यान दोनदा पत्ता टाकला, तवा लाल पाटी. मी बोल्ले, म्हातारी गेली. देवापुढं दिवा पन लावला गो तुज्या नावाचा. आज सहज टाकला, त तुजा पान उघडला, नंबर गावला!"

मावशी इतक्या जोरात हसल्या की शेजारचे हमाल वळून पाहू लागले.

"जिती हाय मी! किलो किती करू, ता सांग."

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या.

"तुज्या पाटीन मना मारून टाकलेली, बाय. आता गोनीचा यो कोपरा धर."