दोन बॅचच्या मधले दिवस

आमच्या मेटल बँडचं वेळापत्रक कोंबड्यांच्या हातात होतं. कोपरगावच्या बाहेर गिटारवाल्या मित्राचं पोल्ट्री शेड होतं, तिथं आम्ही चौघं वाजवायचो. पण आत पक्षी असले की नुसतं फाटक आपटलं तरी ते घाबरून एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालचे गुदमरून मरतात. त्यामुळे एक बॅच विकली जायची, शेड धुवून चुना मारला जायचा आणि पुढची पिल्लं येईपर्यंत जे दोन आठवडे उरायचे, तेवढेच आमचे. त्या दोन आठवड्यांच्या आशेवर मी बाकीचे दिवस ढकलायचो.

मी ड्रमवर. पुण्याहून डबल पेडल आणलं होतं, म्हणजे मोठा ड्रम दोन्ही पायांनी बडवायचा. आमचा गायक घशातून असा काही गुरगुरायचा की उसाचे ट्रॅक्टरवाले थांबून विचारायचे, "कुनाला लागलं का काय रं?" आम्हाला ऐकायला काळं कुत्रंही येत नव्हतं आणि त्याचं मला काडीचं वाईट वाटत नव्हतं.

मग धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. हळदीच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "दादा, माझ्यासाठी एक तरी गानं असं वाजवा, की आईला कळंल." तिला नाही कसं म्हणणार? मीच त्या तिघांच्या मागे लागलो. गायक आजवर साध्या गळ्यानं गायलाच नव्हता. हळदीच्या दिवशी गायला, आणि इतका गोड गायला की हळद लावणाऱ्या बायकांचे हात थांबले. आई तर रडलीच. मामेभावानं व्हिडिओ टाकला आणि आठवड्याभरात तो जिल्हाभर फिरला. सोनईहून फोन, राहुरीहून फोन. सगळ्यांना तेच गाणं हवं होतं.

आधी एक प्रेमगीत, मग पाच, मग फक्त प्रेमगीतं. बँडमधला कुठलाही निर्णय आम्ही हात वर करून घ्यायचो. मेटल कायमचं बंद करायचं का, यावर तीन हात वर झाले. चौथा माझा होता. तोही वर गेला. गायकाला कधी नव्हे ते लोक ओळखायला लागले होते, गिटारवाल्याच्या घरी कटकट थांबली होती, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काय होतं? मला ते आवडतं, एवढंच. तेवढंसुद्धा तोंडातून निघालं नाही. त्या हाताचा मला अजून राग येतो.

आता बॅच जायची वाट पाहावी लागत नाही. एकीकडे पक्षी दाणे टिपत असतात, दुसरीकडे आम्ही वाजवत असतो. एकदा मित्राचे वडील दारात उभे राहून खुशीत म्हणाले, "आत्ता कसं झ्याक वाजवता. पक्ष्यांनाबी काय होत न्हाई." यापेक्षा मोठा अपमान माझा कुणी केलेला नाही, आणि ते बिचारे कौतुक करत होते. मी मान डोलावली.

ड्रम टेम्पोत फार जागा खातात म्हणून ऑक्टोपॅड आला. तो काठ्यांनी वाजवायचा, पायांना त्यात काही काम नाही. डबल पेडल मी खाद्याच्या गोण्यांमागं ठेवलं.

परवा सोनईला एका लग्नात वाजवत होतो. गाणं संथ, पुढं नवरा-नवरी. व्हिडिओवाला वाकत वाकत माझ्याजवळ आला आणि कानात म्हणाला, "दादा, पाय नका हलवू. फळ्या हलत्यात, क्यामेरा हलतोय."

मी खाली पाहिलं. माझे दोन्ही पाय जुन्या वेगानं स्टेज बडवत होते. मी सॉरी म्हणालो आणि गाणं संपेपर्यंत एक पाय दुसऱ्याखाली दाबून धरला.