चंदेरी पट्ट्यांचं कांबळं

आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा चाचांनी खिशातून काळ्या टेपचं रीळ काढलं, बोटभर तुकडा तोडला आणि आमच्या चकचकीत किटलीवर चिकटवला. मग गळ्यातला कॅमेरा तिच्यावर रोखून म्हणाले, "आता खरं सांगेल. चमकतं ते खोटं बोलतं, साहेब."

बायको माझ्याकडे बघत राहिली. किटली तिच्या माहेरची होती.

चाचा रत्नागिरीकडचे. सौदीत अल-खोबरला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायचे आणि अबकैकच्या तेलाच्या प्लांटवर विजेची पॅनेलं तपासायचे. कुठला जोड तापलाय हे त्यांच्या कॅमेऱ्यात दिसे. चकचकीत धातू मात्र त्या कॅमेऱ्याला फसवतो. स्वतःची उष्णता झाकतो आणि समोरच्याची दाखवतो. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमच्या कंपनीत त्यांना केबिन मिळते.

मी त्याच कंपनीच्या खरेदी विभागात. एका संध्याकाळी चाचा आले ते बसलेच नाहीत.

"साहेब, तुम्ही तो तक्ता केलात ना, स्कॅनरचा? फाडून टाका."

आमच्या मालकाचा शहराबाहेर मळा होता, तिथे मेंढ्या. कोकरं लांडगे नेत होते, की भटकी कुत्री, यावर एकमत नव्हतं. मालकाचे दोन मुलगे दर गुरुवारी टेकाडावर गाडी लावून अंधारात गोळ्या झाडायचे. आता त्यांना उष्णतेवर चालणारा स्कॅनर हवा होता. तीन कोटेशनं आली होती. सगळ्यात लांबचं बघणारा मी पहिला लावला होता. खरेदी विभागात मोठा आकडा वर जातो. त्यापलीकडे विचार करायचा पगार नसतो.

"तो तीन किलोमीटरवरचं दाखवतो, चाचा."

"दाखवतो काय? पांढरा ठिपका! लांडगा आहे की माणूस, ते कोण सांगणार? तुमचा तक्ता?" त्यांचा आवाज चिरकला. "अवो, तिथे माझा मेहुणा झोपतो. मेंढ्यांत, जमिनीवर."

हे मला माहीत नव्हतं. मेहुण्याला चाचांनीच आणलं होतं, ड्रायव्हरच्या व्हिसावर. इथे उतरल्यावर हातात काठी दिली गेली. मागच्या गुरुवारी एक गोळी त्याच्या उशाजवळच्या पाण्याच्या टाकीतून आरपार गेली होती. परत पाठवायला मालकाची सही हवी, आणि करार पुरा होईपर्यंत सही नाही.

मी तक्ता बदलला. माणूस ओळखू येईल असा, कमी पल्ल्याचा स्कॅनर वर घेतला. आम्ही दोघं मालकाकडे गेलो. मालकांनी दोन्ही आकडे वाचले, मग नमुन्यांची खोकी पाहिली. लांब पल्ल्याचं खोकं सोनेरी होतं.

"हेच. खलास," मालक म्हणाले. म्हणजे विषय संपला.

चाचा लिफ्टमधून थेट आमच्या घरी आले. माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद आहे? सगळा द्या."

गुरुवारी आम्ही मळ्यावर गेलो. मी टेकाडावर मुलांजवळ थांबलो. चाचा अंगावर कांबळं घेऊन चारशे पावलं गेले आणि साठाव्या वर्षी हातापायांवर रांगू लागले.

थोरल्याने नव्या स्कॅनरला डोळा लावला. "दीब!" तो आनंदाने ओरडला. म्हणजे लांडगा.

"ते आमचे चाचा आहेत," मी म्हणालो. त्याने स्कॅनर खाली घेतला.

मग चाचांनी कांबळं उलटलं. त्या बाजूला चांदीच्या कागदाच्या पट्ट्या शिवल्या होत्या. कागद वरच्या गार आकाशाची थंडी दाखवतो. थोरल्याने पुन्हा डोळा लावला, तर स्कॅनरमध्ये पांढऱ्या ठिपक्यावर काळे पट्टे उमटले.

"झेब्रा!" मुलगे खिदळले.

चाचा गुडघे झटकत वर आले. "आता शब्द द्या. झेब्र्यावर गोळी नाही."

"वल्ला, नाही," थोरला देवाची शपथ घेत म्हणाला.

कांबळं मेहुण्याच्या अंगावर घातलं; आयुष्यभर ज्या चमकीला शिव्या दिल्या तिच्याकडेच चाचांनी मेहुणा सोपवला. परतताना गाडीत ते रडत होते.

दोन महिन्यांनी चाचांचं कंत्राट संपलं. मेहुण्याचे चौदा महिने उरले होते. विमानतळावर त्यांनी माझ्या हाती कागदाच्या गुंडाळ्यांची पिशवी दिली. "वाळूने पट्ट्या सोलतात. दर गुरुवारी नव्या लावा, साहेब. मी फोन करीन."

करतात. दर गुरुवारी, न चुकता.

गेल्या गुरुवारी मला उशीर झाला. पोचलो तेव्हा मुलगे टेकाडावर होते. थोरला स्कॅनर लावून म्हणाला, "झेब्रा लहान झाला रे. आणि त्याच्याशेजारी दीब!"

मी स्कॅनर हिसकावला. कांबळ्याखाली काहीतरी छोटं वळवळत होतं. शेजारी एक पांढरा ठिपका ओणवा होता. त्याच्यावर एकही पट्टा नव्हता.

"झेब्रा! तोही झेब्रा!" मी दोन्ही हात पसरून बंदुकीसमोर धावलो.

थोरल्याने बंदूक खाली घेतली; जाऊन पाहिलं तर मेंढी व्याली होती. वारा बोचरा होता, म्हणून मेहुण्याने कांबळं कोकराला पांघरलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. रत्नागिरीहून.

"साहेब, पट्ट्या दिसल्या का?"

"दिसल्या, चाचा," मी म्हणालो.