मागचे हॉर्न

सिग्नल लालच होता. सर्वांत पुढे, माझ्या स्कूटरशेजारी, सत्तरीच्या एका गृहस्थांची गाडी होती. दिवा हिरवा व्हायच्या आधीच मागून हॉर्न सुरू झाले. किळसवाणी सवय आहे ही आपली! तरुणपणी मी असल्या हॉर्नना भीक घालत नसे. आता साठीनंतर तो आवाज थेट पायात उतरतो. समोरच्या दिव्यापेक्षा मागच्यांचंच खरं वाटू लागतं.

त्यांचंही तेच झालं. गाडी पुढे गेली आणि पोलिसाने शिट्टी मारली.

"सगळे वाजवत होते हो, म्हणून..." ते पुटपुटले.

तेवढ्यात दिवा हिरवा झाला. सर्वांत जोरात हॉर्न वाजवणारा जाता जाता ओरडला, "आजोबा, दिसत नसेल तर घरी बसा!"

मला शिसारी आली. त्या भल्या माणसाने मात्र चष्मा काढला आणि खरंच पुसायला घेतला.