देठवालीचे हात

वखारीत सगळे तिला देठवाली म्हणत. लग्नाआधी बापाच्या वावरात मिरची तोडायची. लग्नानंतर व्यापाऱ्याच्या वखारीत बसून वाळल्या मिरचीचे देठ खुडायची. तेहतीस वर्षं. व्यापारी गिऱ्हाइकाला तिच्या पोत्यापुढं उभं करून म्हणे, "एक देठ सापडला तर पोतं फुकट." गिऱ्हाईक शोधी, सात-आठ वेळा शिंके आणि मुकाट पोतं घेऊन जाई.

घरच्यांना तिच्या हातांची सवय होती, म्हणजे लांब राहायची. नवऱ्यानं तिच्याकडून डोकं चोळून घेणं पहिल्याच वर्षी सोडलं. मुलगा सासूनंच वाढवला. ही उंबऱ्याशी बसून "बाळा, बाळा" करायची, आणि बाळ हिच्याकडं पाहुणी आल्यासारखं बघायचं.

त्या मुलाला यंदा मुलगी झाली. सून पोरीला घेऊन घरी आली, तशी देठवालीनं हात पुढं केले.

"आई, तिथंच थांबा."

"धुतलेत गं. साबणानं, दोनदा."

"मागं एकदा धुतल्या हातानंच टॉवेल वाळत घातलात. ह्यांनी तोंड पुसलं आणि अर्धा तास नळाखाली बसले."

खोटं नव्हतं. देठवाली वखारीत गेली आणि म्हणाली, उद्यापासून येत नाही, हातांचं तिखट उतरवायचंय.

"ऐन हंगामात?" व्यापारी म्हणाला.

"पोर हंगाम बघून आली नाही."

मग तिनं तेल चोळलं, ताक चोळलं, राखेनं घासलं, नखं पार मुळाशी कापली. पण उतरलं की नाही हे कळावं कसं? तिनं स्वतःच्या डोळ्याला बोट लावून बघितलं आणि शांत बसून राहिली. "माझा काय सांगणार? तो कधीच निबर झालाय." मग सगळ्यांनी तिच्या नवऱ्याकडं बघितलं.

नवरा घड्याळजी. चौकात टपरी. सगळं पोट उजव्या डोळ्यावर, कारण भिंग त्या डोळ्याला लागायचं. त्यानं विचार करून डावा डोळा देऊ केला.

पहिल्या संध्याकाळी देठवालीनं बोट लावलं. घड्याळजी उठला, अंगणात चार फेऱ्या मारून आला आणि म्हणाला, "आहे."

तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आहे, पण मवाळ झालंय."

सहाव्या दिवशी म्हणाला, "असेल."

आठव्या दिवशी नुसता बसून राहिला. "काही नाही," म्हणाला.

देठवाली पोरीकडं वळली. सून म्हणाली, "मामंजी, तो डोळा सरावला असेल. उजवा बघा."

टपरीत अकरा घड्याळं उघडी पडली होती, आणि त्यातलं एक फौजदाराचं होतं.

"लाव," घड्याळजी म्हणाला. "पण हलक्या हातानं."

"तेहतीस वर्षं देठ खुडलेत. मिरची मोडली का कधी?"

तिनं बोट लावलं. घड्याळजीनं डोळा मिटला, उघडला, भिंतीवरच्या घड्याळाकडं धरला. "तीन मिनिटं मागं आहे," म्हणाला.

तेव्हा सुनेनं पोर दिली. देठवाली ती घेऊन अशी ताठ बसली, जणू तिलाच पहिल्यांदा तराजूवर बसवलंय. पोरीनं इकडंतिकडं बघितलं, आजीचा अंगठा धरला आणि सरळ तोंडात घातला.

जिभेचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पोरीनं तोंड वाकडं केलं. सून उठून उभी राहिली. देठवालीला अंगठा ओढून घ्यावा एवढंही सुचेना. मग पोर चोखायला लागली.

"तोंड का वाकडं केलं मग?" सुनेनं विचारलं.

"राखेची चव लागली असेल," घड्याळजी म्हणाला. त्याच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी येत होतं.

"मामंजी, झोंबतंय का?"

"नाही म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी सकाळीच व्यापारी दारात. माल येऊन पडलाय, नव्या बायका निम्मे देठ तसेच ठेवतात, गिऱ्हाईक पोतं फुकट मागतंय.

देठवाली मांडीवरच्या पोरीची नखं बघत होती. "ही चालायला लागेपर्यंत तरी नाही," म्हणाली.

"अगं, मी गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"शोधा म्हणावं. सापडतील."