तमीमुंतच्या वाट्याचं पाणी

केतामाच्या डोंगरात किफचं, म्हणजे गांजाचं, रोप पिवळं पडलं की लोक तमीमुंतला बोलवत. नवरा मेलेला, मूलबाळ नाही; त्याच्यामागं जमिनीचा एक तुकडा नि ओढ्याच्या पाण्याची पाळी तेवढी तिच्याकडं. बुडाची जुनी पानं पिवळी दिसली तर ती म्हणे, "उपाशी आहे, शेणखत घाला." कडा करपल्या तर, "अजीर्ण झालंय, हात आवरा." बदल्यात जवाची भाकरी नि मूठभर ऑलिव्ह मिळत.

तिचा धाकटा दीर हद्दू. त्यानं परदेशी बियाणं लावलं, खोल बोअर मारली. जूनमध्ये शेंड्याची कोवळी पानं पिवळीधमक झाली, शिरा तेवढ्या हिरव्या. त्यानं खताची पोती ओतली. पिवळेपणा वाढतच गेला. शेवटी वहिनीला बोलावलं.

तिनं पान उन्हात धरलं. बोअरचं पाणी जिभेवर घेतलं आणि थुंकून टाकलं.

"भाऊजी, झाडाला लोह मिळत नाहीये. मातीत आहे, पण तुमच्या पाण्यातल्या चुन्यानं त्याचं तोंड बांधलंय. खत बंद करा, ओढ्याचं पाणी द्या."

"आठवड्यात एक पाळी माझी! एवढ्यानं काय होतंय, वहिनी?"

"मग निम्मी झाडं उपटा."

हद्दू नुसता हसला. शुक्रवारी नमाजानंतर तो पंचांपुढे उभा राहिला. "पाळी घराला असते. भाऊ गेला, घर बुडालं. एकट्या बाईला पाणी कशाला?"

पंचांत मी होतो. माझे दोन मुलगे हद्दूच्या मळ्यात रोजावर होते. मी मान डोलावली. तमीमुंतची पाळी हद्दूला गेली.

तीन आठवड्यांत हद्दूचे शेंडे हिरवेगार झाले. बांधापलीकडं तमीमुंतचा तुकडा वाळला. ती घागरीनं पाणी घालायला गेली, तर हद्दूनं घागर फोडली. ओढ्यावरच्या बाया विचारायच्या, "तमीमुंत, हे कशाचं लक्षण गं?"

"तहान," ती सरळ सांगायची. बाया खिदळायच्या.

हिवाळ्याआधीच ती हद्दूच्या मळ्यात रोजानं खुरपायला लागली. हद्दू व्यापाऱ्यांना सांगे, "पान बघून रोग ओळखतो मी."

पुढच्या वर्षी माझ्या झाडांवर तांबूस ठिपके आले. पान घेऊन मी तिच्याकडं गेलो. तिनं ते उलटंपालटं करून पाहिलं, माझ्या हातात परत दिलं.

"भाऊजींना विचारा."

"तमीमुंत, तुला कळलंय. सांग ना."

"पंच आहात. भाऊजींना विचारा."

हद्दूनं मला खताची दोन पोती घ्यायला लावली. आठवड्यात सगळं पीक जळालं.