फ्लॉपीला हळदकुंकू

आमच्या दवाखान्यातला कॉम्प्युटर मी बिघडवला नाही. मी फक्त त्याची पूजा केली.

नव्वदीतली गोष्ट. जळगावात एका डॉक्टरांकडे मी पेशंटची नावं नोंदवायचो. कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा कोर्स केलेला (पैकी दीड महिना वीजच नव्हती!), म्हणून नवं यंत्र माझ्या ताब्यात आलं. वर्षभर खपून मी सगळे केसपेपर फ्लॉप्यांवर उतरवले आणि जुन्या कागदांची तीन पोती असोद्याला घरी नेऊन टाकली. "अक्का, रद्दीवाला आला की देऊन टाक," असं आईला बजावलं.

मग आली खंडेनवमी. घरात विळा, कुऱ्हाड, मोटारसायकल, सगळ्यांची पूजा होते. मग कॉम्प्युटरनेच काय घोडं मारलंय? फ्लॉप्या पाटावर मांडल्या. पाणी शिंपडलं, हळदकुंकू, अक्षता वाहिल्या. पत्र्याची पट्टी सरकवून आतही बोट टेकवलं. (पूजा अर्धवट नको!)

दसरा झाला आणि अक्काचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मागे याच दवाखान्यात एका इंजेक्शनाने ती मरता मरता वाचली होती. डॉक्टर म्हणाले, "कोणतं इंजेक्शन ते? नाव कळल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"एका मिनिटात सांगतो साहेब!"

फ्लॉपी घातली. कर्रर्र! दुसरी घातली. कर्रर्र! तिसरी बाहेर काढली, तर सोबत तांदळाचा दाणा आला.

"काय झालं रे?" बाकावर बसलेल्या अक्काने विचारलं.

"अक्का, तुझा कागद गेला. साऱ्यांचेच गेले!" मला रडूच फुटलं.

"कुठी गेले? पोते तं माजघरात हायेत."

"रद्दीवाल्याला नाही दिलेस?"

"लोकाईचं दुखनं कोनी इकतं का रे? पाप लागतं. मी नही देल्लं."

मोटारसायकल काढली आणि असोदा गाठलं. अक्काचा कागद तिसऱ्या पोत्याच्या तळाशी होता. (अर्थातच!) इंजेक्शनाचं नाव मिळालं, ऑपरेशन झालं, आणि मी नव्या फ्लॉप्या घेऊन पहिल्यापासून सगळं भरायला बसलो. या वेळी प्रत्येकीच्या दोन प्रती, आणि पोती अक्काच्या ताब्यात, असा डॉक्टरांचा हुकूम होता.

डोळ्याची पट्टी सुटली तशी अक्का डॉक्टरांसोबत दवाखान्यातल्या माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आधी कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला लख्ख दिसत होतं! माझे डोळे भरून आले.

"डॉक्टरसाहेब," ती म्हणाली, "मशीन तं मोठं गुनाचं दिसतं. याच्या हाती कसं काय देल्लं?"