ट्रे संपेपर्यंत चहा नाही

किस्से आपोआप साठत नाहीत. संध्याकाळी ते ऐकणारं कुणी असावं लागतं. नव्वदच्या आसपास मी पनवेलच्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. लॅबमधलं घरी येऊन ह्यांना सांगायचे. हे दुसऱ्या दिवशी ते मीठमसाला लावून शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगायचे. पुढे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं हे गेले. किस्से राहिले.

*

आमच्या डॉक्टरांचा एकच नियम होता. मायक्रोस्कोपशेजारच्या ट्रेमधल्या सगळ्या स्लाईड बघून होईपर्यंत चहा नाही, गप्पा नाहीत. कुणासाठीही नाही.

एकदा एक नावाजलेले सर्जन गप्पा मारायला आले. डॉक्टरांनी मान वर न करता त्यांना बाहेर पेशंटच्या बाकावर बसवलं. अर्धा तास गेला. शेजारच्या म्हातारीला कणव आली. "तुमचं कोण हाय आत?"

सर्जन म्हणाले, "माझा चहा."

*

आतड्याचा कापलेला भाग आला की भोवतीच्या चरबीतून लिंफच्या गाठी शोधाव्या लागत. तांदळातले खडे वेचावेत तशा, बोटांनी. एका गाठीत जरी कॅन्सर सापडला, तरी तो आतड्याबाहेर पडला असं समजायचं. डॉक्टरांना किमान बारा गाठी लागत.

आमचे अटेंडंट रामभाऊ एकदा वैतागले. "साहेब, अकराच हायत. बारावी बाजारातनं आणू?"

"आणा. पण त्याच माणसाची आणा."

*

कोन गावचा एक वायरमन वडिलांचा रिपोर्ट न्यायला आला. आतड्याचा रोग लिव्हरमध्ये गेलाच कसा, हे त्याला पटेना. ट्रे संपला होता, म्हणून डॉक्टरांनी कागदावर स्विचबोर्ड काढला.

"प्रत्येक पेशीत सगळी बटणं असतात. आईच्या पोटात मूल घडताना पेशींना जागा सोडून फिरावं लागतं, तेव्हा फिरायचं बटण चालू असतं. मूल घडलं की ते बंद होतं. वडिलांच्या आतड्यातल्या गाठीत ते परत चालू झालंय."

"म्हंजे वायर जळाली नाय?"

"काही जळल्यात. पण पेशी घर सोडून निघाली ती या बटणामुळे."

"मग बंद करा की."

"कुठलं बटण कशानं चालू होतं, तेच शोधतायत अजून."

वायरमननं बराच वेळ कागद बघितला. "दुसऱ्यानं बांधलेल्या घरात असंच होतं, साहेब. नकाशा कोण देत नाय."

*

हा किस्सा ह्यांना फार आवडला. जेवण झालं की चपला घालायचे. "माझं फिरायचं बटण चालू झालं," असं म्हणून वडाळे तळ्याकडे निघायचे.

शौचातून रक्त जात होतं ते मात्र चार महिने सांगितलं नाही. मूळव्याध समजून कुणाकडून तरी आणलेल्या पुड्या घेत होते. डॉक्टरांनी विचारलं, "मास्तर, बायको लॅबमध्ये असून चार महिने?"

"तुमच्या ट्रेमध्ये उगाच गर्दी नको म्हटलं."

*

ऑपरेशननंतर ह्यांच्या आतड्याचा भाग आमच्याच टेबलावर आला. डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही घरी जा." मी म्हटलं, "रिपोर्ट कोण लिहिणार? रामभाऊंचं अक्षर रामभाऊंनाच लागत नाही."

रामभाऊंना अकरा गाठी सापडल्या. या वेळी ते परत पहिल्यापासून चरबी चाचपू लागले. मी हातमोजे चढवले. बारावी मला सापडली, हरभऱ्याच्या डाळीएवढी.

स्लाईड तयार झाल्यावर डॉक्टर बघायला बसले. ते एकेक सांगत गेले, मी लिहीत गेले. एक, निगेटिव्ह. दोन, निगेटिव्ह. असं अकरापर्यंत झालं.

बारावी त्यांनी लावली. लेन्स बदलली. परत पहिली लेन्स लावली. मग खुर्ची मागे सरकवली आणि चष्मा पुसत म्हणाले, "रामभाऊ, बाईंसाठी चहा आणा. मलाही."

ट्रेमध्ये अजून सात स्लाईड होत्या.